बादलीभर तारल्या

"मान वर कर. मान वर कर म्हणतो ना. अरे, तिच्याकडे बघ, माझ्याकडे काय बघतोस?"

माझा नवरा पक्ष्याला दटावत होता. बासष्ट वर्षांचा माणूस, गळ्यात लग्नकार्याला लावायचा टाय, पालथ्या होडीच्या आडोशाला वाळूत पोटावर पसरलेला, आणि चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या मूठभर सुरयाला सांगत होता की हनुवटी जरा डावीकडे घे. मी मागे बसून त्याच्या टकलावर छत्री धरली होती. हात भरून आला होता, डब्यातली घेवड्याची उसळ गार झाली होती आणि घरी बत्तीस खुर्च्या धुवायच्या पडल्या होत्या.

"क्रिस्पीन, त्याला तुझं ऐकू जात नाही."

"जातं. ऐकत नाही. आजकाल कुणीच ऐकत नाही."

सुरयाच्या चोचीत मासा होता, बोटाच्या पेराएवढा. तो मासा घेऊन नर मादीभोवती फेऱ्या घालत होता, छाती काढून, पाय आपटत, आमच्या गावच्या पोरांनी चर्चबाहेर घालाव्यात तशा. मादी पंख पाडून पिलासारखी चोच वासून बसली होती. तो मासा पुढे करी, ती मान लांब करी, की हा मागे घेई. पुन्हा फेरी. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी तिने झटक्यात मासा ओढला, गिळला आणि उडून गेली. नर तसाच उभा.

मी हसले. "शहाणी आहे."

"आली होती," क्रिस्पीन वाळूवर मूठ आपटत म्हणाला. "अगदी आली होती फ्रेममध्ये. तू छत्री हलवलीस."

छत्री मी हलवली नव्हती. पण एकोणचाळीस वर्षांत त्याचा बिघडलेला एकही फोटो माझ्या हातून न बिघडता राहिलेला नाही.

हे सगळं युरिदियामुळे. ही विद्यापीठातली पोर, पक्षी मोजायला येते, दोन हंगाम आमच्याच मागच्या खोलीत उतरते. तिचा कॅमेरा होडीतून खाडीत पडला. नगरपालिकेने तिला सांगितलं होतं की झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत पक्षी इथे जोड्या जमवतात असा स्वच्छ, स्पष्ट फोटो आणा, मासा दिसला पाहिजे, मग वाळूच्या दांड्याच्या टोकाला दोरी बांधून माणसांना बंदी करू. गावात लांब भिंग एकाच माणसाकडे. ते त्याने बैलांच्या झुंजी आणि फुटबॉलसाठी घेतलं होतं, आणि गेली सहा वर्षं ते पेटीत पडून होतं, कारण आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि क्रिस्पीन आराम्बुलाच्या स्टुडिओत लोक फक्त ओळखपत्राचे फोटो काढायला येतात. पोरीने विचारलं तेव्हा तो आतल्या खोलीत गेला, दाढी करून, टाय लावून बाहेर आला आणि म्हणाला, "कोणत्या जोडप्याचा काढायचा?"

आता झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतच्या पवित्र आठवड्यात दांड्याच्या टोकाला काय असतं, ते सांगते. माझा मांडव असतो.

तेवीस वर्षं. बोका व्येहाच्या खाडीचं मुख जिथे समुद्राला मिळतं तिथे हा वाळूचा दांडा आहे, आणि त्याच्या टोकाला भरतीचं पाणी पोचत नाही. म्हणून तर पक्षी तिथे येतात, आणि म्हणूनच मी पण. माडाच्या झावळ्यांचा मांडव, आठ टेबलं, तिवराच्या लाकडांवर भाजलेली बोय, लिंबू, मिरचीचा ठेचा, मक्याच्या कडक तोस्तादा. तेपिकहून, ग्वादालाहाराहून लोक येतात आणि गाडीतून उतरतानाच विचारतात, दोन्या लिंदा कुठे बसतात? वर्षातले एक्कावन्न आठवडे मी क्रिस्पीनची बायको असते. एक आठवडा तो माझा नवरा असतो.

ते मी पोरीला स्वयंपाकघरात साफ सांगितलं.

"फक्त सहा आठवडे, दोन्या लिंदा," ती म्हणाली. "पिल्लं उडाली की दोरी काढतील."

"पवित्र आठवडा एकच असतो, पोरी. सहा आठवड्यांनी मी मासे भाजून कुणाला घालू? खेकड्यांना?"

"तुम्हाला बसथांब्याच्या मागे जागा देतो म्हणालेत."

"बसथांब्याच्या मागे लोक काय करायला जातात, ते तुला ठाऊक आहे ना?"

ती लाल झाली. मग उठून तिने आपली ताटली धुतली, माझीही धुतली. हीच पंचाईत होती. पोर आगाऊ असती तर मी तिला पहिल्याच आठवड्यात बाहेर काढली असती. पण ती माझ्या हातचं जेवून बोटं चाटायची, पहाटे उठून एकटी दांड्यावर जायची आणि आल्यावर मला सांगायची की आज अठ्ठेचाळीस जोड्या झाल्या, जणू तिच्या घरच्या लेकींची लग्नं जमत होती.

क्रिस्पीनला मात्र मी काय म्हणते ते ऐकूच जात नव्हतं. सोमवारी मी म्हटलं, "तू फोटो काढलास की माझा मांडव गेला, एवढं कळतं ना तुला?" तो भिंग पुसत होता. "अजून निघाला कुठे," तो म्हणाला. "आणि निघाला तर बघू." बघू म्हणजे काय, ते मला लग्नापासून माहीत आहे. छप्पर गळायला लागलं तेव्हाही बघू होतं.

मंगळवारी मी त्याच्याबरोबर गेले, बुधवारी सकाळीही गेले. का गेले, तर तो जेवायला विसरतो आणि उन्हात डोकं उघडं ठेवतो, आणि मग रात्रभर कण्हणं मला ऐकावं लागतं. दोन दिवसांत त्याने तीनशे फोटो काढले. एकात नराची शेपटी होती. एकात मादी होती, नर नव्हता. बऱ्याच फोटोंत नुसती वाळू होती, अगदी सुरेख वाळू. आणि जे दोन-चार नीट आले त्यांत मासा दिसतच नव्हता.

"काडी आहे ती," तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. "मासा नव्हे, दात कोरायची काडी. पोरगा कंजूष आहे. एवढ्याशा गोष्टीवर मुलगी कशी हो म्हणेल?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं की गाडी कुठे चालली आहे.

स्टुडिओत त्याची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात कागदी कार्नेशनची फुलं आहेत, पुठ्ठ्याचा चंद्र आहे, कुणाकडून तरी आणून परत न केलेला बुरखा आहे, अंगठीची रिकामी डबी आहे. गावातल्या दोन पिढ्यांतल्या प्रत्येक जोडप्याचा साखरपुड्याचा फोटो त्या पेटीतून निघालेला आहे. मुलाने मुलीला काहीतरी द्यायचं, मुलीने हात पुढे करायचा, आणि श्वास रोखायचा. "हातात काही नसलं तर फोटोत प्रेम दिसत नाही" हा त्याचा नियम. एखाद्या मच्छीमाराच्या पोराने खिशातून खरं काही काढलंच, शंख म्हणा, केसांची पिन म्हणा, तर क्रिस्पीन ते बाजूला ठेवायला लावायचा आणि हातात कार्नेशन द्यायचा. लांबून दिसलं पाहिजे ना.

आमच्या लग्नाचा फोटो त्याने स्वतःच काढला, घड्याळाची कळ लावून. कळ दाबून पळत आला, पाय अडकला. फोटोत मी कार्नेशन घेऊन उभी आहे, आणि माझ्या शेजारी एक धुरकट पट्टा आहे.

तर बुधवारी दुपारी मी घरी अंगणात मांडवाचे खांब रंगवत होते. मनात म्हणत होते, रंगव बाई, बसथांब्यामागे शोभून दिसतील. क्रिस्पीन आला आणि खांबाला टेकला. हाताला निळा रंग लागला, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"लिंदा, मला तारल्या दे."

"कशाला?"

"मोठा मासा हवा. त्यांच्या आसपास थोड्या पसरून ठेवतो. मोठी, चकचकीत तारली दिसली की तो आपली काडी टाकून तीच उचलेल. साधी गोष्ट आहे, आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक."

"पोरीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? ती पक्षी मोजते. फोटो मी काढतो. अर्धी बादली पुरे."

इथे मी थांबून एक गोष्ट सांगते. मांडव घातला त्या पहिल्या वर्षी मी बोयची आतडी मागच्या बाजूला तशीच फेकली होती. अर्ध्या तासात कुरव आले. हे मोठे समुद्रपक्षी, करड्या पाठीचे, कोंबड्याएवढे. त्यांच्यामागून गावची कुत्री. कुरवांनी गिऱ्हाइकांच्या ताटातल्या तोस्तादा उचलल्या, एका बाईच्या हातातून बाळाचं बिस्किट नेलं, आणि दोन दिवस ते हलले नाहीत. तेव्हापासून माझ्या मांडवात एकही आतडं हातभर खोल पुरल्याशिवाय टाकलं जात नाही. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी पहिलं तेच शिकवते. क्रिस्पीन त्या आठवड्यात नेहमी स्टुडिओत असायचा, गिऱ्हाईक असो वा नसो. त्याला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं.

मी तोंड उघडलं की बंद होत नाही, असं सगळं गाव म्हणतं. पाद्रीबाबांना मी प्रवचनात अडवलं आहे. त्या दिवशी मी ब्रश खाली ठेवला, आत गेले, शीतपेटीचं झाकण उघडलं आणि बादली भरली. अर्धी मागितली होती, मी काठोकाठ भरली.

"आणखी हव्यात का?" मी विचारलं.

"नको, नको. खूप झाल्या," तो म्हणाला. आणि मग, त्याचा स्वभाव नव्हे पण म्हणाला, "बरी आहेस तू."

गुरुवारी उजाडतानाच तो गेला. मी गेले नाही. टेबलं घासायची आहेत म्हटलं, आणि खरोखरच ती घासायची होती.

आठच्या सुमारास तो परत आला तो पळत. या वयात. टाय खांद्यावर, गुडघ्यांना वाळू, आणि तोंडभर हसू. कॅमेरा माझ्या नाकासमोर धरला. "बघ. नीट बघ. हात पूस आधी."

मी हात पुसले आणि पाहिलं. मला फोटोतलं कळत नाही असं तो म्हणतो, पण एकोणचाळीस वर्षं छत्री धरल्यावर थोडंफार कळतं. ऊन तिरपं पडलं होतं. नराने मान उंच केली होती, अगदी क्रिस्पीन सांगत होता तशी. मादीने चोच पुढे केली होती. आणि दोघांच्या चोचींच्या मधोमध तो मासा, दोघांनीही धरलेला, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती. माशाचा डोळासुद्धा दिसत होता.

"तारली नाही ही," मी म्हटलं.

"नाही. तारल्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. गेला समुद्रावर आणि आपली ती काडीच घेऊन आला. तीच दिली तिला. आणि ती उडाली नाही, लिंदा. बसून राहिली." त्याने कॅमेरा आपल्याकडे वळवला. "पण दिसतो ना? एवढासा मासासुद्धा दिसतो. मी उगाच इतकी वर्षं लोकांच्या हातात कागदाची फुलं दिली."

मी त्याच्या खांद्यावरून दांड्याकडे बघत होते. टोकावर आकाशात कुरव घिरट्या घालत होते. आधी चार, मग दहा, मग मोजायचं सोडलं.

"बाकीच्या तारल्या?"

"आहेत तिथेच. भरती घेऊन जाईल."

भरती तिथे पोचत नाही. ते त्याला सुचलं नाही, आणि मी बोलले नाही. दांड्याचं टोक माझ्या दारापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी बादली घेऊन गेले असते तर सगळ्या उचलून नऊच्या आत परत आले असते. युरिदिया त्या दिवशी फॉर्म भरायला नगरपालिकेत गेली होती, क्रिस्पीन फोटो छापायला स्टुडिओत गेला. मी टेबलं घासली. आठही घासली. मग खुर्च्या घासल्या, त्या आधीच धुतल्या होत्या तरी. दुपारी कुत्री भुंकताना ऐकू आली. मग खुर्च्यांचे पायसुद्धा घासले.

संध्याकाळी युरिदिया दांड्यावरून आली ती दारातच उभी राहिली. पायाला, हाताला वाळू. ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला काही बोलू शकले असते.

"गेले," ती म्हणाली.

"कुठे गेले?" क्रिस्पीनने विचारलं. त्याच्या हातात छापलेला फोटो होता, मोठा, तिच्यासाठी पुठ्ठ्यावर लावलेला.

"सगळे. अठ्ठेचाळीस जोड्या. वाळू उकरून केलेली घरटी कुत्र्यांनी तुडवली. पाच-सहा अंडी घातली होती, ती कुरवांनी खाल्ली. एकही पक्षी बसलेला नाही. इतके कुरव आले कुठून, मला कळत नाही. गेल्या वर्षी एकही नव्हता."

तिने त्याच्या हातातून फोटो घेतला, कारण तो पुढे केलेलाच होता. बराच वेळ बघितला. मग डाव्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे धूसर, चंदेरी, हातभर लांबून ओळखता यावं असं काहीतरी पडलं होतं.

"डॉन क्रिस्पीन, हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. आणि माझ्या नवऱ्याने, ज्याचा एकही फोटो कधी त्याच्या चुकीने बिघडला नाही, सरळ सांगितलं, "तारली आहे, पोरी. मी ठेवली होती. मासा मोठा दिसावा म्हणून."

माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मी कढईत उलथनं फिरवत होते. कढईत काहीच नव्हतं.

शुक्रवारी नगरपालिकेचा साहेब आला. ट्रकमध्ये दोरीची भेंडोळी, चाळीस खुंट्या, 'प्रवेश बंद' लिहिलेले चार फलक. आम्ही चौघं दांड्यावर चालत गेलो. वाळूवर कुत्र्यांच्या पावलांचे ठसे होते आणि तारल्यांचे काटे. साहेबाने एका हातात फोटो धरला आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवर सावली केली.

"पक्षी कुठे आहेत?"

"होते," युरिदिया म्हणाली.

"फोटो फार छान आहे. पण बाई, दोरी कशाभोवती बांधू मी? वाळूभोवती?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने सगळीकडे चालून पाहिलं, अगदी टोकापर्यंत, मग ट्रकपाशी येऊन माणसांना हात केला. त्यांनी उतरवलेली दोरी पुन्हा चढवली. जाताना मला म्हणाला, "टाका मांडव, दोन्या लिंदा. गुड फ्रायडेला घरच्यांना घेऊन येतो, बोय ठेवा आमच्यासाठी." आणि क्रिस्पीनला म्हणाला, "हा फोटो आम्ही पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर घेतो. तुमचं नाव घालून."

चाळीस वर्षांत क्रिस्पीनचं नाव कशावर छापलं गेलं नव्हतं. स्टुडिओच्या पाटीवरचं सुद्धा अर्धं पुसलं आहे. त्याने फोटो साहेबाच्या हातातून काढून घेतला.

"नको, लिसेन्सियादो साहेब," तो म्हणाला. "कोपऱ्यात चूक आहे."

युरिदिया शनिवारच्या बसने गेली. तिची ताटली धुऊन उपडी घातलेली होती. क्रिस्पीनला ती एवढंच म्हणाली की फोटो चांगला आहे. मला तिने मिठी मारली, आणि मी ती मारू दिली.

मांडव उभा राहिला, निळ्या खांबांचा, नेहमीच्या जागी. बुधवारपासून गर्दी लोटली. आणि क्रिस्पीन, जो तेवीस वर्षांत एकदाही मांडवात फिरकला नव्हता, बुधवारी सकाळी येऊन बाह्या वर करून ताटं धुवायला बसला. बोलेना. मी म्हटलं, साबण जास्त घालू नकोस, तर कमी घातला. म्हटलं, पेले आधी, तर पेले आधी घेतले. माझं डोकं फिरायची वेळ आली. माणसाने भांडावं तरी. चार शब्द ऐकवावेत. मी मुद्दाम म्हटलं, "तुला ताटंसुद्धा धुता येत नाहीत," तर म्हणाला, "हो," आणि पुन्हा धुतलं.

गुरुवारी दुपारी तो सुरय आला.

एकच होता. मांडवाच्या समुद्राकडच्या बाजूला, शेवटच्या दोन टेबलांमधल्या वाळूवर उतरला. तिथेच कुठेतरी त्याचं ठिकाण असणार. चोचीत मासा. टेबलांवर तेपिकची माणसं बसली होती, बाटल्या, पोरं, रेडिओ. तो खुर्च्यांच्या पायांमधून फिरू लागला. छाती काढून, पाय आपटत. एक फेरी घाली, थांबे, मान उंच करी, इकडे तिकडे बघे आणि किरट्या आवाजात ओरडे. मग पुन्हा फेरी.

माझ्या दोन्ही हातांत ताटं होती. "इकडे काय बघतोस, मूर्खा?" मी त्याला म्हटलं. "कुणी नाहीये इथे. जा. तूच खा तो मासा."

त्याने ऐकलं नाही. कुणाच्या तरी पोराने वाळू उडवली तेव्हा उडाला, आणि दहा मिनिटांत पुन्हा त्याच जागी. तोच मासा, आता सुकायला लागलेला. मासा वाकडा झाला होता तरी त्याने तो सोडला नव्हता.

तेपिकची मंडळी उठली तशी मी टेबल पुसायला गेले. पुसलं. मग फडकं खांद्यावर टाकलं आणि टेबल उचलून मागे नेऊन उपडं घातलं. दुसऱ्यावरच्या दोघांना म्हटलं, तुम्ही आतल्या सावलीत बसा, इथे ऊन येईल. ऊन येणार नव्हतं. त्यांच्या बाटल्या मीच उचलून आत नेल्या. दुसरं टेबलही उपडं घातलं, आठ खुर्च्या त्या जागेभोवती रचल्या, पाठी बाहेरच्या बाजूला करून.

मग मी ताटं घेऊन मागे क्रिस्पीनकडे गेले. तो बादलीत हात घालून बसला होता. तीच बादली होती, आमच्याकडे दुसरी नाही.

"तारल्या मी जाणूनबुजून दिल्या," मी म्हटलं.

त्याचे हात पाण्यातच राहिले.

"कुरव येणार हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. सकाळीही जाऊन उचलता आल्या असत्या. मी गेले नाही."

"मी अर्धी बादली मागितली होती," तो म्हणाला.

"हो."

"तू भरून दिलीस."

"हो. आता बोल काय बोलायचं ते. इतके दिवस गप्प बसून माझा जीव घेतलास, आता बोल."

त्याने एक ताट उचललं, त्यावरून पाणी सोडलं, उलटं करून पाहिलं. "मला जड लागली होती," तो म्हणाला. "वाटेत दोनदा खाली ठेवली. दोनदा वाटलं, एवढ्या कशाला दिल्या हिने? आणि पुन्हा उचलली." ताट त्याने फळीवर ठेवलं. "नेली मीच ना, लिंदा."

मला खूप रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता. बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवून हाक मारत होतं.

ग्वादालाहाराचं कुटुंब होतं, आठ-नऊ माणसं, आजीबाई काठी टेकत, दरवर्षी येणारी. मांडव गच्च भरला होता. मुलगा मोकळ्या वाळूकडे आणि उपड्या टेबलांकडे बोट दाखवून म्हणाला, "दोन्या लिंदा, तिथे आहे की जागा. आम्हीच मांडून घेतो. आई थकली आहे."

"तिथे नाही."

"का? रिकामीच तर आहे."

"ती जागा धरलेली आहे," मी म्हटलं.

"कुणी?"

आजीबाईंसाठी माझी स्वतःची खुर्ची आणली, चुलीजवळची, आणि बाकीच्यांना वाळूवर चटई घालून दिली. ती माणसं नाराज झाली, पण जेवली.

क्रिस्पीन हात पुसत बाहेर आला. त्याने खुर्च्यांचं कुंपण पाहिलं, आतल्या सुरयाला पाहिलं. "कॅमेरा आणायचा तर आण," मी म्हटलं. "आज छत्री धरायला मला वेळ नाही."

"नको," तो म्हणाला. आणि एक खुर्ची थोडी तिरकी झाली होती ती त्याने सरळ केली.

शुक्रवारी सुरय आला, तसाच एक मासा घेऊन. शनिवारी सकाळी आला, दुपारी आला नाही. रविवारी आलाच नाही. साहेब म्हटल्याप्रमाणे शुक्रवारी घरच्यांना घेऊन आले होते, त्यांनाही अर्धा तास उभं राहावं लागलं. सोमवारी दुपारपर्यंत, शेवटची गाडी जाईपर्यंत, मी सहाच टेबलं मांडली, आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं की त्या दोन टेबलांवरची माणसं अजून यायची आहेत.